कागद नसलेली मुले

शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला मागतात. धान्य घ्यायला रेशनकार्ड लागते. पीककर्जाला सातबारा लागतो. एखादा कागद नसला की किती खेटे घालावे लागतात, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे!

पण ज्या देशात राहतो, तिथे राहण्याचाच कागद नसेल तर?

अमेरिकेत अशी माणसे एक कोटीहून जास्त आहेत. बरीचशी शेजारच्या मेक्सिको देशातून आली. आपल्या भारतातून गेलेलेही त्यांत आहेत. कोणी चोरवाटेने सीमा ओलांडली. कोणी परवाना घेऊन आले आणि मुदत संपल्यावरही तिथेच राहिले. शेतात, बांधकामावर, हॉटेलांत राबू लागले. येताना पोरेबाळेही आणली.

आता बघा, दोन वर्षांचे पोर आईच्या कडेवर बसून आले. त्याला कोणी विचारले होते का, बाबा, येतोस का म्हणून? ते तिथेच वाढते. तिथलीच भाषा बोलते. आपल्याजवळ कागद नाही, हे पुष्कळांना सोळा-सतराव्या वर्षापर्यंत ठाऊकही नसते. कॉलेजचा अर्ज भरायला गेले, की मग कळते.

शाळेचा दरवाजा

टेक्सास हे अमेरिकेतले एक मोठे राज्य. १९७५ साली तिथे कायदा झाला, की अशा मुलांसाठी सरकार शाळांना पैसे देणार नाही. टायलर गावच्या शाळांनी मग दर मुलामागे वर्षाला १००० डॉलर मागितले. मजुराने एवढे पैसे आणायचे कुठून?

१९७७ साली चार कुटुंबे कोर्टात गेली. मोठ्या धाडसाची गोष्ट! कोर्टात जायचे म्हणजे आपण होऊन सरकारपुढे उभे राहायचे. धरून देशाबाहेर घालवले तर? म्हणून न्यायाधीशांनी त्यांची खरी नावे झाकून ठेवली आणि सुनावणी सकाळी सहाला घेतली. एका कुटुंबाने तर घरचे सामान गाडीत भरूनच नेले होते. परत घरी येऊ की नाही, याचा भरवसा नव्हता.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ जून १९८२ रोजी निकाल लागला. नऊ न्यायाधीशांपैकी पाच मुलांच्या बाजूने, चार विरुद्ध. आईबापांच्या चुकीची शिक्षा लेकरांना देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. निरक्षरपणा माणसाला जन्मभर, रोजच्या रोज अडवतो, हेही सांगितले. तेव्हापासून बारावीपर्यंतची सरकारी शाळा या मुलांना मोकळी झाली.

कॉलेजची फी

पण बारावीनंतर काय? तिथल्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या मुलाला फी कमी. बाहेरच्याला दुप्पट-तिप्पट. कागद नाही म्हणून ही मुले बाहेरची धरली जात. २००१ साली टेक्सासनेच कायदा केला, की आमच्या शाळेत शिकलेल्याला आमचीच फी. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी तसे केले. मागून आणखी राज्ये आली. केंद्र सरकारची मदत व कर्ज मात्र या मुलांना मिळत नाही. आणि मिळालेले टिकते असेही नाही. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने टेक्सासवर खटला भरला, आणि त्याच दिवशी तो चोवीस वर्षांचा कायदा या मुलांपुरता रद्द झाला.

मग मुले शिकतात कशी? माणसांच्या आधाराने. काही कॉलेजांत अशा मुलांसाठी वेगळी कचेरी असते. तिथले लोक अर्ज भरायला मदत करतात. वकिलाशी गाठ घालून देतात. मुलाचे गुपित फोडत नाहीत. देणगीदारांच्या पैशांतून शिष्यवृत्त्याही मिळतात.

पुढे नोकरीचे काय?

१९८६ च्या कायद्याप्रमाणे मालकाला नोकर ठेवताना कागद पाहावेच लागतात. म्हणजे पदवी हाती, पण नोकरी नाही! २०१२ साली सरकारने वाट काढली. लहानपणी आलेल्या तरुणांना दोन-दोन वर्षांचा कामाचा परवाना मिळू लागला. आठ लाखांवर तरुणांनी तो घेतला. कोणी शिक्षक झाले, कोणी नर्स. पण २०२१ साली टेक्सासमधल्या एका न्यायालयाने नव्या अर्जांची मंजुरी थांबवली.

सर्जिओ गार्सिया यांचेच बघा. वडिलांनी १९९४ साली त्यांच्या कागदासाठी अर्ज केला. वर्षांमागून वर्षे गेली, पाळी येईना. तोवर ते कायदा शिकले. २००९ साली वकिलीची परीक्षा पास झाले. पण सनद मिळेना. शेवटी २०१३ साली कॅलिफोर्नियाने त्यासाठी कायदा केला, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांना सनद दिली. तेव्हाही १९९४ चा अर्ज रांगेतच होता!

कायदा मोडून आलेल्यांवर आमच्या कराचा पैसा का घालवायचा, असे म्हणणारेही अमेरिकेत पुष्कळ आहेत. प्रत्येक देशाला आपली वेस राखावी लागते, हे आम्हांलाही मान्य आहे. पण वेशीच्या आत वाढलेल्या पोराला अडाणी ठेवून कोणाचे भले होणार?

अक्षर नसले की काय होते, हे तुम्ही भोगले आहे. अंगठा सोडून पहिली सही केली, तो दिवसही तुमच्या लक्षात असेल. टायलरच्या त्या चार कुटुंबांनी घरदार पणाला लावले, ते पोरांच्या याच चार अक्षरांसाठी.