उलटून येणारा कूर्चादाह

घरांत कोणाचा कान दुखूं लागला म्हणजे लसणीचें तेल कोमट करा, असें कोणास सांगावें लागत नाहीं. दुखणें बहुधा दोन दिवसांत थांबतें आणि श्रेय तेलाच्या वाटीस मिळतें. परंतु कानाचें एक दुखणें असें आहे कीं, तें आपण होऊन थांबतें, आणि थांबतें म्हणूनच फसवितें. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढ्याच हेतूनें आम्ही हें लिहीत आहों.

कानाची वरची कड, नाकाचा शेंडा आणि श्वासनलिकेचीं कडीं हीं कूर्चेचीं बनलेलीं असतात. कूर्चा म्हणजे हाडाहून मऊ, पण मांसाहून ताठ असा पदार्थ. बाहेरच्या जंतूंशीं लढण्यासाठीं असलेली शरीराची शक्ति कांहीं थोड्या माणसांत स्वतःच्याच कूर्चेवर उलटते. प्राग येथील याक्श-वार्टेनहोर्स्ट यांनीं १९२३ सालीं या रोगाचें प्रथम वर्णन केलें. 'रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस' हें नांव १९६० सालीं पडलें. रोग अत्यंत विरळ आहे. तो बहुधा चाळीस ते साठ या वयांत, स्त्रिया व पुरुष दोघांसही होतो. तो स्पर्शजन्य नाहीं.

याची खूण घरांतील कोणाही स्त्रीस सहज पटेल. कान लाल होतो, सुजतो, उशीचा स्पर्शही सोसवत नाहीं. परंतु कुडी घालतात ती पाळी मात्र जशीच्या तशी राहते. पाळींत कूर्चा नसते. बुगडी घालतात त्या जागीं ती असते. बुगडीसाठीं टोचलेला कान पिकला तर सूज त्याच कानास येते व जखम दिसते. येथें जखम नसतां आज एक कान, पुढें दुसरा, किंवा दोन्ही एकदम सुजतात. कांहीं दिवसांनीं, क्वचित् कांहीं आठवड्यांनीं, सूज उतरते. महिने जातात, आणि ती पुन्हा येते. अशा फेऱ्या झाल्यावर कान लुळा पडतो, नाकाचा कणा खोगिरासारखा खचतो. सांधे दुखणें, डोळे लाल होणें, ऐकूं कमी येणें, घेरी येणें हींही लक्षणें आढळतात.

खरें भय श्वासनलिकेचें. आवाज बसतो, कोरडा खोकला येतो, श्वासाबरोबर शीळ ऐकूं येते. घरचीं माणसें दमा समजून स्वस्थ बसतात, आणि इकडे नलिकेचीं कडीं ढिलीं होत जातात.

या रोगाचा निर्णय करील अशी एकच रक्तपरीक्षा नाहीं. ईएसआर व सीआरपी बहुधा वाढलेले असतात, पण नेहमींच नव्हे. १९७६ सालीं मॅकअ‍ॅडम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सहा लक्षणें ठरविलीं: दोन्ही कानांच्या कूर्चेचा दाह, नाकाच्या कूर्चेचा दाह, श्वासमार्गाच्या कूर्चेचा दाह, डोळ्यांचा दाह, हाडें न झिजविणारा संधिदाह, आणि अंतःकर्णाची हानि. यांपैकीं तीन आढळल्यास निदानास बळकटी येते. चित्र स्पष्ट असल्यास कानाचा तुकडा काढून तपासण्याची गरज बहुधा पडत नाहीं. मात्र तशींच लक्षणें दाखविणारे इतर रोग वगळावे लागतात. रक्तवाहिन्यांच्या दाहासाठीं 'ॲन्का' ही परीक्षा करतात. कुष्ठरोगांतही नाक खचतें. पण त्यांत बहुधा पाळीच जाड होते. उतारवयाच्या पुरुषास ताप व रक्तक्षय असेल तर २०२० सालीं ओळखल्या गेलेल्या 'व्हेक्सास' रोगासाठीं यूबीए१ हा जनुक तपासतात.

तक्रार नसली तरी श्वासपरीक्षा, हृदयाची एको, डोळे व श्रवण यांची तपासणी करून घ्यावी. छातीचा सीटी स्कॅन श्वास घेतांना व सोडतांना असा दोन्ही वेळां करणें इष्ट. कारण ढिली नलिका श्वास सोडतांनाच मिटते. पुढें कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस हा रोग आधीं सांगावा. स्टेरॉइड व इतर औषधांनीं रोग आटोक्यांत ठेवतां येतो. पण बरें वाटलें म्हणून तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत.

आतां एक शेवटची सूचना. डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशीं सूज बहुधा उतरलेली असते, आणि 'कांहीं नाहीं' असें म्हणून सर्वजण परत येतात. म्हणून कान लाल असतांनाच मोबाइलवर त्याचें छायाचित्र काढून ठेवावें व तारीख टिपून ठेवावी. घरांत दहा माणसें असलीं तरी दुखणें सांगण्याचा संकोच धरणारीं वडीलधारीं माणसें असतातच. त्यांच्या कानाकडे एकदां नीट पाहण्यास कितीसा वेळ लागतो?