ऐकलेलं दुसऱ्याला ऐकवताना

मंडळी, मागच्या वेळी आपण ठरवलं होतं की सध्या काय ऐकतोय ते एकमेकांना सांगायचं. पाठवण्याचं काम आता फारच सोपं झालंय. बोट लावलं की दुवा गेला. पण आलेले दुवे आपण उघडतो किती? खरं सांगायचं तर बरेचसे तसेच पडून राहतात. का, ते एका उदाहरणावरून पाहू.

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’नं व्हॉयेजर ही दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या गटाला तिच्यासाठी साऱ्या पृथ्वीचं संगीत निवडायचं होतं, आणि जागा होती साधारण दीड तासाची. २७ रचना, बस. बाख आहे, बीथोवन आहे, चक बेरी आहे. आणि हिंदुस्थानी संगीतातून एकच: केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’.

ही निवड आपोआप झालेली नाही. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं तिचा आग्रह धरला. पण तोवर ती रेकॉर्ड बाजारातून गेलेली. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. एका माणसाला ती मनापासून आवडली होती आणि का आवडली हे त्याला सांगता येत होतं, म्हणून दुसऱ्यांनी ती शोधायचे कष्ट घेतले. नुसतं ‘छान आहे, ऐका’ म्हटलं असतं तर कोण कशाला टेबलाखाली शिरलं असतं?

आता गंमत बघा. केसरबाई मूळ गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांचं खरं गाणं बैठकीतलं, एकेक राग सावकाश उलगडत नेणारं. यंत्रात गाणं भरून ठेवण्याचं त्यांना फारसं प्रेम नव्हतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम साडेतीन मिनिटं. त्यात जयपूर-अत्रौलीची गायकी काय मावणार! आणि जे मावलं तेच आज २४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेलंय. १६ सप्टेंबर १९७७ रोजी बाई गेल्या, दुसरं यान सुटल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी.

तेव्हा आपण जे पाठवतो तो तुकडाच असतो, हेही सांगितलेलं बरं. नाहीतर ऐकणारा म्हणतो, ‘केसरबाई ऐकल्या’, आणि विषय तिथंच संपतो.

मग पाठवताना करायचं काय? आमचा अनुभव असा की दोन वाक्यं पुरतात. ‘दुसऱ्या मिनिटाच्या आसपास आवाज वर जातो, तिथं कान द्या’ असं काहीतरी. रागाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. नव्या माणसाला नावाचा धाकच जास्त वाटतो. आणि एका वेळी एकच पाठवा. वीस दुवे एकदम पाठवणारा बहुधा स्वतःची आवड दाखवत असतो. (असे आपल्यातही आहेत, हसू नका.)

भैरवीत रे, ग, ध, नी हे चारही स्वर कोमल, आणि बैठक संपवण्याची तिची प्रथा. आता ती साडेतीन मिनिटं लावतो. शब्द नाही कळले तरी हरकत नाही. आकार कसा गोल आणि मोकळा लागतो तेवढंच धरून ऐका. मग पुढच्या रांगेपासून एकेकानं आपापलं सांगायचं.