लोणावळा बघणे वेगळे, मावळात राहणे वेगळे

जून लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. कोंढव्याहून खालाजान विचारतात, "बेटा, बारिश चालू हुई क्या?" मोमीनपुऱ्यातले मामूजान तर विचारतही नाहीत, थेट सांगतात, "इतवार को आ रहे हम, पंधरा जने हैं." बासी ईदला, शाळा उघडण्याआधीच्या शेवटच्या सुट्टीला, घरातलं लग्न उरकल्यावर थांबलेल्या पाहुण्यांना फिरवायला, पुण्यातल्या आपल्या बहुतेक कुटुंबांची पहिली पसंती लोणावळाच असते. जवळ आहे, लोकलचं तिकीट स्वस्त आहे आणि डोंगरावरून पडणारं पाणी बघायला पैसे लागत नाहीत.

आम्ही नोकरीच्या निमित्ताने मावळात आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. पूर्वी असा फोन आला की आम्ही फक्त "या" म्हणायचो. आता आधी विचारतो, "नक्की कुठं जाणार आहात?"

याचं कारण ३० जून २०२४ चा रविवार. त्या दिवशी पुण्याच्या हडपसर भागातलं एक कुटुंब भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यावर गेलं होतं. पाणी अचानक वाढलं. मधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या माणसांचा तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. एक महिला आणि चार मुलं, अशी पाच माणसं त्या पाण्यात गेली. नंतर "काय गरज होती तिथं जायची?" असं अनेकांनी सहज म्हटलं. आम्हाला ते पटलं नाही. ते लोक बेफिकीर नव्हते. डोंगरातलं पाणी कसं वागतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून हा लेख.

पाणी अचानक का वाढतं?

अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकण ओलांडतात आणि सह्याद्रीच्या भिंतीला येऊन थडकतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, अगदी या भिंतीच्या काठावर आहे. ढगांना वर चढावं लागतं, वर गेल्यावर हवा थंड होते आणि पाऊस कोसळतो. लोणावळ्यात वर्षाला ४ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून साधारण ६५ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात हा आकडा ७००-८०० च्या आसपास असतो. लोकलने पुण्याहून निघालात तर हा फरक खिडकीतूनच कळतो. शिवाजीनगरला ऊन, तळेगावला ढग, कामशेतला रिमझिम आणि मळवलीच्या पुढे समोरचं काही दिसत नाही.

आता हा पाऊस जिथे पडतो ती जमीन बघा. सगळा काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. जूनच्या सुरुवातीच्या पावसात ही माती भिजून जाते. त्यानंतर पडणारं पाणी जमिनीत मुरत नाही, उतारावरून सरळ खाली धावतं. तुम्ही धबधब्याखाली उभे आहात, तिथं पाऊस थांबलाय, थोडं ऊनही पडलंय, पण वरच्या पठारावर ढग फुटल्यासारखा कोसळतोय, असं इथं रोज घडतं. वरचं पाणी खाली यायला कधी कधी दहा-पंधरा मिनिटंही लागत नाहीत. घोट्याएवढं पाणी कमरेपर्यंत येतं. गुडघ्याएवढ्या जोराच्या प्रवाहातही मोठा माणूस उभा राहू शकत नाही, कारण खालचा कातळ शेवाळाने गुळगुळीत झालेला असतो. आपल्या आया-बहिणींचा बुरखा किंवा साडी भिजली की तिचं वजन दुप्पट होतं आणि ती पायात अडकते. हे बोलायला लोक संकोचतात, पण बोललं पाहिजे.

गावातल्या लोकांना काही खुणा माहीत असतात. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, पाण्याबरोबर पाला आणि काटक्या यायला लागल्या, आवाज बदलून घरघर वाढली, की पोरांना हाताला धरून बाहेर पडायचं. चप्पल, डबा, मोबाइल काहीही घ्यायला थांबायचं नाही. बाहेर पडायचं तेही ज्या काठावर आपली वाट आहे त्याच काठावर. मधल्या खडकावर चढून "पाणी कमी होईपर्यंत थांबू" हा विचार सगळ्यात घातकी, कारण पाणी कमी होईल की वाढेल हे खालच्या माणसाला कधीच कळत नाही.

भुशी धरण मुळात सहलीसाठी बांधलेलंच नाही. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून रेल्वेने ते बांधलं. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली, आणि घाट चढून आलेल्या इंजिनांची तहान मोठी होती. इंजिनं गेली, धरण राहिलं, आणि त्याच्या पायऱ्या आता शनिवार-रविवारी माणसांनी भरलेल्या असतात.

गर्दीचंही तसंच. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. आपण भक्कम जागी उभे आहोत का, एवढं पुरत नाही. आपल्याबरोबर तिथं किती जण उभे आहेत हेही बघावं लागतं.

चार महिने ओल

पाहुणे संध्याकाळी निघून जातात. आम्ही राहतो. इथला पावसाळा राहणाऱ्याला कसा दिसतो, तेही सांगतो.

झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत. शाळेचा गणवेश तव्यावर धरल्यासारखा शेगडीच्या उबेला धरून वाळवावा लागतो आणि मग वर्गात सगळ्या पोरांच्या अंगाला धुराचा वास. कपाटातल्या शेरवानीवर, चामड्याच्या चपलेवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी चढते. आमच्या अम्मींच्या निकाहच्या वेळची एक उर्दू किताब अशीच गेली, पानं एकमेकांना चिकटून वीट झाली. मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, काडेपेटीची काडी पेटत नाही. म्हणून इथल्या घरांत मे महिन्यातच तयारी होते. पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री, पत्र्याला नवे खिळे आणि वॉशर, कोरडं सरपण माळ्यावर. दमा आणि सांधेदुखी असलेल्या म्हाताऱ्यांना आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या नातेवाइकांकडे पाठवतो. त्यांनाही ते आवडत नाही आणि आम्हालाही. पण दम लागल्यावर रात्री दोन वाजता गाडी शोधण्यापेक्षा ते बरं.

मयत झाली तर पावसात कबर खणणं हे वेगळंच काम आहे. दोन फुटांवर मुरूम किंवा कातळ लागतो आणि खणलेल्या जागेत पाणी साचत जातं. एका बाजूला खणायचं, दुसऱ्या बाजूने बादलीने पाणी उपसायचं, वर चौघांनी ताडपत्री धरायची. ताडपत्री, फळ्या आणि दोऱ्या पावसाळ्याच्या आधीच काढून ठेवाव्या लागतात. अशा वेळी शेजारच्या मराठा आणि कातकरी घरांतली पोरं पहार घेऊन न बोलावता येतात, हे आम्ही अनेकदा पाहिलंय.

आता रस्ता. शनिवार-रविवारी लोणावळ्यात राहणाऱ्याने घराबाहेर पडू नये, असा अलिखित नियमच आहे. एका रविवारी अम्मींना छातीत दुखायला लागलं. एरवी वीस मिनिटांचं अंतर जायला आम्हाला दीड तास लागला. आजूबाजूच्या गाड्यांमध्ये गाणी चालू होती, पोरं खिडकीतून कणीस खात होती. त्यांची चूक नव्हती, त्यांना काय माहीत. अल्लाहच्या कृपेने अम्मी बऱ्या झाल्या. खोपोली ते कुसगाव या सुमारे १३ किलोमीटरच्या 'मिसिंग लिंक'मुळे घाटातली कोंडी कमी व्हावी असा हेतू आहे. पण ज्याला लोणावळ्यातच यायचंय त्याची गाडी शेवटी गावातच येणार.

मग राहता कशाला?

हा प्रश्न मामूजान दर वर्षी विचारतात. उत्तर देणं अवघड नाही.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, राजमाचीच्या बाजूला आणि आंदर मावळात काजवे येतात. सगळं झाड एकाच वेळी लुकलुकतं. फजरला उठलं की एसी-पंख्याचा नाही, पाखरांचा आवाज असतो. एप्रिलमध्ये पुणे तापतं तेव्हा इथं रात्री अजून चादर लागते. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरला की पठारावर सोनकी पिवळी होते, ओढ्याच्या कडेला तेरडा फुलतो. नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ, तिन्ही खोऱ्यांत भातखाचरं हिरव्याची पोपटी आणि पोपटीची सोनेरी होत जातात. वर्गात नकाशा न लावता भूगोल शिकवता येतो. खिडकीतून बोट दाखवलं की झालं.

आणि भात! इंद्रायणी तांदूळ आता सगळीकडे मिळतो, पण ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हातात आली, हे फार जणांना ठाऊक नसतं. आंबेमोहोराचा सुवास तिच्यात उतरलाय. फक्त एक विनंती, इंद्रायणीची बिर्याणी करू नका. दाणा मऊ आणि चिकट, सगळा गोळा होतो. आमच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्याच ईदला हा प्रयोग झाला होता, त्यावर अजून बोललं जातं. खिचडा करा, किंवा साधा भात आणि वर दालचा. बासमती विसराल.

पाणी इथलं, नळ दुसरीकडे

एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांवर हंडे घेऊन फिरणाऱ्या बायका दिसतात, तेव्हा नव्या माणसाला नवल वाटतं. कारण तेच, कातळ पाणी धरत नाही. जे पाणी अडवलं जातं ते बहुतेक दुसऱ्यांसाठी. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या टाटांच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून खोपोलीत वीज तयार होते, १९१५ पासून. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. धरणासाठी जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांचा पुनर्वसनाचा प्रश्न दोन पिढ्यांनंतरही सुटलेला नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्सप्रेसवेवर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मारले गेले. पिंपरी, चिंचवड, काळेवाडीत आपली हजारो कुटुंबं राहतात. नळ सोडताना ही गोष्ट माहीत असावी, असं आम्हाला वाटतं.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

पुण्या-मुंबईतले आपले लोक आता फक्त फिरायला येत नाहीत, "एक छोटा प्लॉट घेऊन ठेवू" म्हणूनही येतात. दलाल जागा दाखवतो जानेवारीत. छान थंडी, समोर तलाव, मागे डोंगर. आमचं म्हणणं, तीच जागा जुलैच्या झडीत एकदा बघा. मागच्या डोंगरावरून येणारं पाणी कुठून जातं? जेसीबीने उतार उभा कापून सपाट केलेली जागा असेल तर घेऊच नका. उताराचा पाया कापला की वरच्या भिजलेल्या मातीला आधार राहत नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या घाटाखालची, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. जमिनीला नवी भेग पडणं, विजेचा खांब किंवा झाड कलणं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, दारं चौकटीत घट्ट बसायला लागणं, या खुणा दिसल्या की रात्र तिथं काढायची नाही. कागदपत्रांत सातबारा बघतातच सगळे, झोन दाखला आणि बिगरशेतीचा आदेशही मागा. "होऊन जाईल नंतर" असं दलाल म्हणाला तर चहा पिऊन परत या.

यंदाही मामूजानांचा फोन आला. आम्ही त्यांना जुलैचा रविवार नको, सप्टेंबरच्या शेवटचा एखादा बुधवार ठरवा म्हणालो. पाणी तेव्हाही पडत असतं, पण शांतपणे. शिवाजीनगरहून सकाळची लोकल धरायची, मळवलीला उतरायचं, चालत भाजे लेणी बघायची, दुपारी आमच्याकडे इंद्रायणी भात आणि दालचा, संध्याकाळी चिक्कीचा पुडा घेऊन परत. पोरांची शाळा बुडते म्हणून ते जरा कुरकुरले. आम्ही मास्तर आहोत, एका दिवसाची चिठ्ठी आम्ही लिहून देऊ म्हटलं.