स्थलांतरित पालकांशी संभाषण : स्मार्टफोनवर व्हॉट्सॲप सुरू करून देण्याविषयी



भाताची झोडणी उरकली आणि दिवाळी सरली, की आशागड व भोवतालच्या पाड्यांतील कित्येक घरांची दारे ओढून घेतली जातात. कोणी वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जातो, कोणी उंबरगाव-वापीकडे, तर कोणी मच्छीमार बोटींवर. जी मुले आईबापांबरोबर जातात, त्यांस शिक्षण हमी कार्ड देऊन तेथील शाळेत बसविण्याची व्यवस्था आपण करतोच. प्रस्तुत लेख आजीपाशी मागे राहणाऱ्या मुलांसाठी आहे. पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे सुमारे सहा-सात महिने, ही मुले आईचे तोंड पाहत नाहीत. आणि मूल आजारी पडले किंवा शाळेत येईनासे झाले, तर विचारावे कोणाला, हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हा विचार डहाणू तालुक्यास नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. आज आपणांस पालकांपर्यंत जावयाचे आहे, आणि त्याचे साधन घरोघरी येऊ लागले आहे.

व्हॉट्सॲपमध्ये आवाजी कॉलची सोय २०१५ साली व चित्रकॉलची २०१६ साली झाली. यात आवाजाचे बारीक तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठविले जातात व पलीकडे पुन्हा जोडले जातात. कॉलचे वेगळे पैसे पडत नाहीत म्हणून लोक यास फुकट म्हणतात. ते खरे नव्हे. रिचार्जमधील डेटा खर्च होतोच, आणि चित्रासह बोलल्यास तो कितीतरी अधिक होतो. जेथे पाड्यावर टेकाड चढल्यावाचून रेंज येत नाही, तेथे आवाजी कॉलच करावा. सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची खूण आहे, ती चालू करून ठेवावी. पालकांजवळ केवळ बटणांचा साधा फोन असेल, तर या खटाटोपात न पडता सरळ साधा कॉल लावावा, हे उत्तम.

ॲप केवळ प्ले स्टोअरमधून घ्यावे. कोणी लग्नपत्रिका म्हणून पाठविलेली फाइल उघडून ॲप बसविण्याच्या नादात लोकांची बँकखाती रिकामी झाली आहेत. ॲप उघडताच भाषा विचारली जाते. तेथे मराठी निवडावी. नंतर मोबाईल क्रमांक द्यावयाचा असतो, आणि घोटाळा बहुधा येथेच होतो. घरी राहणाऱ्या फोनवर बापाच्या क्रमांकाने खाते उघडतात, सिमकार्ड मात्र बाप भट्टीवर घेऊन जातो. तेथे त्याने दुसरा स्मार्टफोन घेऊन त्याच क्रमांकाने ॲप सुरू केले, की घरच्या फोनवरील खाते बंद पडते. आजीस काही उमगत नाही. शिवाय खाते ज्या क्रमांकाचे, ते सिमकार्ड त्याच फोनमध्ये असले पाहिजे, असा आदेश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा सेवांना दिला आहे. यास्तव घरच्या फोनमध्ये जे सिम कायम राहणार, त्याच क्रमांकाने खाते उघडावे. शिक्षकाने सोय म्हणून स्वतःचा क्रमांक घालू नये.

क्रमांक दिल्यावर सहा अंकी संकेत संदेशाने येतो. तो भरून झाला की कोणासही सांगावयाचा नाही. "गुरुजींनी विचारला तरी सांगू नका," असे मी पालकांस मुद्दाम सांगतो. पुढे सेटिंगमध्ये जाऊन सहा अंकी पिनही लावावी व ती घरच्या जबाबदार माणसाने लक्षात ठेवावी.

यानंतर फोन काही परवानग्या मागतो. गतवर्षी एका पाड्यावर मी स्वतः एका आजीबाईंना ॲप बसवून दिले आणि घाईत मायक्रोफोनची परवानगी नाकारून बसलो. भट्टीवरून मुलीचा फोन येई, आजीस तिचे बोलणे ऐकू येई. पण आजीचा शब्द पलीकडे पोहोचत नसे. आई आपल्यावर रुसली आहे, नातवाला फोनही देत नाही, असे समजून ती मुलगी आठ दिवस कष्टी होती. शेवटी नातूच फोन घेऊन शाळेत आला, आणि एका बोटाच्या दाबाने दोष निघाला. तेव्हापासून मी परवानग्या वाचून दाखवितो आणि समोर बसून एक कॉल लावल्याखेरीज उठत नाही. मायक्रोफोन लागतोच, चित्रासाठी कॅमेरा लागतो, ठावठिकाणा विचारल्यास नाही म्हणावे.

पालकांचा क्रमांक नावासह साठवावा, आणि आजीस वाचता येत नसेल तर मुलीचे छायाचित्र लावावे. खाते सलग १२० दिवस इंटरनेटशी जोडले गेले नाही, तर ते सामान्यतः पुसले जाते. भट्टीचा हंगाम त्याहून मोठा असल्याने आठवड्यातून एकदा तरी फोन चालू करून इंटरनेट लावण्यास सांगावे. या ॲपवरून ११२ किंवा १०८ लागत नाही. ते साध्या डायलवरूनच लावावे लागतात. चित्रकॉलवर पोलीस असल्याची बतावणी करून कोणी पैसे मागितल्यास फोन ठेवून १९३० वर कळवावे.

हे सर्व काम कुटुंब निघण्यापूर्वी, जाणारा व राहणारा असे दोन्ही फोन एकत्र असतानाच उरकावे. एक फोन अंगणात व दुसरा पाड्याच्या टोकाला नेऊन, आजीचा शब्द मुलीस स्पष्ट ऐकू आला की मगच पालकभेटीच्या वहीत दोन्ही क्रमांकांची नोंद करावी. फोन कोणत्या वेळी करावयाचा, तेही तेव्हाच ठरवून घ्यावे. भट्टीवर काम पहाटे सुरू होते, म्हणून सायंकाळची वेळ बरी पडते.