दुकानापुढची जागा कोणाची?

द्वितीय वर्ष, कला

‘मुख्य बाजारपेठेत रस्त्यावर वाहने उभी करण्यास बंदी असावी’ हा वादविवादाचा विषय आता शिळा झाला, असे पुष्कळांना वाटते. एक बाजू पादचारी, धूर आणि अपघात यांवर बोलते. दुसरी बाजू व्यापाऱ्याच्या पोटावर पाय येतो असे सांगते. टाळ्या दोघांनाही पडतात आणि प्रश्न जेथल्या तेथे राहतो. याचे कारण असे, की दोन्ही पक्ष ‘बंदी’ या शब्दावर भांडतात. जी जागा मोकळी करावयाची ती मुळात आहे किती, तिचा उपयोग कोण करतो आणि किती वेळ करतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणासाठी आपल्या सर्वांच्या पायाखालचा, पुण्याचा लक्ष्मी रस्ता घेतला आहे.

जागेचा हिशेब

लक्ष्मी रस्ता म्हणजे कापड, साड्या आणि सराफी यांची पेठ. शेजारी तुळशीबाग आणि मंडई. लग्नाचा बस्ता बांधायला बाहेरगावची कुटुंबेच्या कुटुंबे येथे येतात. वाहतूक एकेरी असूनही सणासुदीला येथे चालणे मुश्किल होते.

आता अशा रस्त्याच्या एका बाजूची शंभर मीटर लांबी डोळ्यांपुढे आणा. रस्त्याच्या कडेला एकामागे एक मोटारी लावल्या, तर एका मोटारीला आत-बाहेर होण्यासह सुमारे सहा मीटर लागतात. म्हणजे शंभर मीटरांत सोळा मोटारी. जुन्या पेठेतील दुकानाचा दर्शनी भाग दहा फूट, म्हणजे तीन मीटर धरला, तर तेवढ्याच लांबीत तेहेतीस दुकाने बसतात. थोडक्यात, दोन दुकानांमागे एक मोटार! प्रत्येक मोटार तासाभराने हलली, तर दहा तासांत एकशेसाठ गिऱ्हाइकांची सोय होईल. परंतु त्याच सोळा मोटारी सकाळी लागून रात्री निघाल्या, तर दिवसभरात सोळांचीच सोय होईल. त्या सोळांपैकी काही मोटारी खुद्द दुकानदारांच्या किंवा वरच्या मजल्यावरील कचेऱ्यांच्या असल्या, तर गिऱ्हाइकाच्या वाट्याला काय उरले? दुचाकीचा हिशेब थोडा बरा आहे. आडव्या लावल्या तर एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात. पण दिवसभर उभ्या राहणाऱ्या दुचाकीलाही हाच नियम लागू आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. व्यापाऱ्याला जी जागा आपल्या धंद्याचा प्राण वाटते, ती इतकी थोडी आहे की तिच्यावर त्याचा सगळा धंदा चालणे शक्यच नाही. गर्दीच्या दिवशी दुकानात शिरणारी बहुसंख्य माणसे वाहन दुसरीकडे कोठेतरी ठेवून, बसने, रिक्षाने अथवा पायीच आलेली असणार.

दुकानदाराच्या वहीत असलेले उत्तर

पुण्याच्या पेठांतील अनेक रस्त्यांवर सम-विषम तारखांची पद्धत आहे. एका तारखेला रस्त्याच्या या बाजूस वाहने लावावयाची, दुसऱ्या तारखेला त्या बाजूस. पाट्यांवर ‘पी १’ आणि ‘पी २’ असे लिहिलेले असते. ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचा अर्थ ध्यानात येत नाही. अशा रस्त्यावरील प्रत्येक दुकानापुढे महिन्यातील निम्मे दिवस वाहन लावण्यास बंदीच असते! मग त्या दिवशी त्या बाजूची दुकाने ओस पडतात काय? सम तारखेची आणि विषम तारखेची विक्री प्रत्येक दुकानदाराच्या रोजकीर्दीत लिहिलेली आहे. वर्षभराची दोन्ही बेरीज करून पाहिली, तर दारात गाडी लागल्याने किती फरक पडतो हे घरबसल्या समजेल. त्यासाठी समिती नको, तज्ज्ञ नको.

येथे एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. या बाजूस बंदी असली तरी गिऱ्हाईक समोरच्या बाजूस गाडी लावते. तेव्हा या बेरजेने संपूर्ण बंदीचा परिणाम कळणार नाही. परंतु ‘गाडी दारातच लागली पाहिजे’ हा आग्रह खरा की खोटा, एवढे तरी निश्चित कळेल.

गिऱ्हाईक कसे येते याविषयी दुकानदाराचा अंदाज चुकतो, हे अन्यत्र दिसून आले आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ग्लूस्टर रोड या बाजाररस्त्यावर पाहणी झाली. दुकानदारांच्या मते त्यांची ४१ टक्के गिऱ्हाइके मोटारीने येत होती. प्रत्यक्षात हे प्रमाण २२ टक्के निघाले. याचे कारण समजण्यासारखे आहे. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरणारे गिऱ्हाईक दुकानदाराच्या लक्षात राहते. मुकाट्याने चालत आलेले आणि चालत गेलेले गिऱ्हाईक लक्षात राहत नाही.

व्यापाऱ्यांची भीती निराधार नाही

एवढ्यावरून व्यापाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. बस्ता बांधायला आलेल्या मंडळींत म्हातारी माणसे असतात, कडेवर मुले असतात आणि परतताना गठ्ठे असतात. सोने घेणाऱ्याला ते पिशवीत घालून लांब चालत जाण्याची धास्ती वाटते. शिवाय आज उपनगरांत मोठमोठे मॉल आहेत व त्यांना स्वतःचे वाहनतळ आहेत. पेठेतील दुकानदाराची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी राहिली नसून त्या मॉलशी आणि घरपोच माल पाठवणाऱ्या कंपन्यांशी आहे. ‘गाडी लावायला मिळत नाही’ एवढ्या कारणावरून गिऱ्हाईक कायमचे तुटू शकते.

बंदी फसल्याचेही दाखले आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कलामाझू नावाचे शहर आहे. तेथे १९५९ साली मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. त्यानंतर अमेरिकेत सुमारे दोनशे ठिकाणी असे रस्ते झाले; पैकी बहुतेक पुढे वाहनांना पुन्हा खुले करावे लागले. कलामाझूच्या रस्त्याचा काही भागही १९९८ साली खुला झाला. कारण माणसे शहराच्या मध्यातून उपनगरांत राहायला गेली होती आणि मोटारीवाचून बाजारात येण्याचा दुसरा मार्ग त्यांना नव्हता. रस्ता सुंदर झाला, पण चालणारा उरला नाही.

याच्या उलट डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्ट्रॉएट या रस्त्याची कथा. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी सुमारे एक किलोमीटरचा हा रस्ता प्रयोग म्हणून वाहनांना बंद झाला. व्यापाऱ्यांनी विरोध केला होता. थंड हवेच्या देशात रस्त्यावर कोण रेंगाळणार, अशीही शंका घेतली गेली. प्रत्यक्षात गर्दी वाढली आणि १९६४ साली बंदी कायम झाली. तेथे शहराच्या मध्यभागी वस्ती होती, सायकली होत्या, सार्वजनिक वाहने होती. म्हणजे बंदी तीच, पण निकाल वेगवेगळे. तेव्हा बंदी चांगली की वाईट हे विचारण्यापेक्षा, गिऱ्हाइकाला येण्याची दुसरी वाट आहे की नाही, हे आधी विचारले पाहिजे. स्ट्रॉएटच्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रस्त्याची किंमत वाढली तशी भाडी वाढली आणि अनेक जुनी लहान दुकाने जाऊन मोठ्या कंपन्यांची दुकाने आली. धंदा वाढला म्हणजे जुन्या दुकानदाराचाच वाढला, असे नव्हे.

आपल्या देशातील मोठे उदाहरण दिल्लीच्या चांदणी चौकाचे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्याने बांधून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला करण्यात आला आणि सकाळी ९ ते रात्री ९ या वेळात तेथे मोटार वाहनांना मनाई करण्यात आली. चालणाऱ्यांना मोकळी जागा मिळाली. पण नियम पाळला जात नाही, वाहने घुसतात आणि मालाची ने-आण अडचणीची होते, अशा तक्रारीही व्यापाऱ्यांकडून होत राहिल्या. दगडी फरशी घातली म्हणजे काम संपत नाही, रोज पहारा ठेवावा लागतो, हा त्यातील बोध होय.

वादात नसलेली माणसे

या सर्व चर्चेत दोनच पात्रे दिसतात: गिऱ्हाईक आणि दुकानाचा मालक. परंतु बाजारपेठ काही एवढ्या दोघांवर चालत नाही. दुकानात माल येतो तो टेम्पोने. रस्त्याची कड दिवसभर उभ्या गाड्यांनी भरलेली असल्यामुळे टेम्पो रस्त्याच्या मध्यावर थांबतो. मागे भोंगे वाजू लागतात, पोलीस शिटी वाजवतो, आणि मग गल्लीच्या टोकाला टेम्पो नेऊन तेथून गठ्ठे डोक्यावर आणावे लागतात. माझे वडील पेठेत हमाली करतात. गाडी दारात लागली तर पन्नास पावले आणि टोकाला लागली तर तीनशे पावले. मजुरी मात्र नगावर, दोन्हीकडे सारखीच. तेव्हा ‘वाहने उभी करू नका’ हा नियम त्यांच्या बाजूचा आहे की विरुद्ध, हे तो कसा लिहिला आहे यावर अवलंबून आहे. उभ्या गाड्या हटवून माल उतरवायला जागा ठेवली, तर त्यांचे ओझे हलके होईल. सरसकट सगळ्याच गाड्यांना बंदी झाली, तर तेच ओझे वाढेल.

दुकानातील नोकरांचेही तसेच. विक्री उतरली तर मालकाचा नफा घटतो, पण नोकराची दिवाळीची बक्षिसी आधी घटते. रस्त्यावरच्या पथारीवाल्याला तर मोकळी झालेली जागा आपली वाटते, आणि दुकानदाराला त्याचीच अधिक भीती वाटते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली केंद्राने कायदा केला आहे. त्यानुसार त्यांच्या जागा ठरवून दिल्या नाहीत, तर मोटारी गेलेल्या जागेवर नवा तंटा उभा राहील.

मग करावे काय?

कायद्याने ही जागा दुकानदाराची नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ अन्वये वाहने कोठे उभी करावीत हे ठरविण्याचा अधिकार शासनास किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. त्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावयाचा असतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही शहरातील जमीन मौल्यवान असून तिची किंमत वाहन उभे करणाऱ्याने द्यावी, असा विचार मांडला. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण संमत केले. परंतु विरोध झाल्यामुळे ते प्रथम पाच रस्त्यांपुरतेच आखडले गेले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. एक दिवसाचा उत्सव झाला, पण उरलेल्या दिवसांचे काय?

या प्रश्नाला पैशाच्या बाजूने उत्तर देणारे अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड शूप यांचा ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे, की फुकट जागा कधीच मोकळी सापडत नाही. म्हणून दर असा ठेवावा की रस्त्याच्या प्रत्येक टप्प्यावर एखाद-दुसरी जागा नेहमी रिकामी राहील, आणि आलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करावा. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहराच्या जुन्या पेठेत १९९३ साली असेच मीटर बसले. पैसा आपल्याच पदपथांवर आणि दिव्यांवर खर्च होणार हे कळल्यावर तेथील व्यापाऱ्यांनी संमती दिली. विरोध दराला नव्हता, पैसा कोठे जातो याला होता.

लक्ष्मी रस्त्याला आज एक अनुकूलता आहे, जी पूर्वी नव्हती. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी मेट्रो स्थानके सुरू झाली आहेत. मंडईजवळ, जेथे पूर्वी आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे होती, तेथे महापालिकेचे वाहनतळ आहेत. कलामाझूला जी दुसरी वाट नव्हती ती येथे आहे. म्हणून मला पुढील क्रम योग्य वाटतो. प्रथम दुकानदारांनी आपल्या वह्यांतून सम-विषम तारखांची विक्री काढावी आणि महापालिकेने गिऱ्हाइके कशी येतात ते मोजावे. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या, मालकांच्या गाड्यांसह, आधी हलवाव्यात. माल उतरविण्यासाठी सकाळची वेळ आणि ठरावीक जागा राखून ठेवावी. वृद्ध व अपंग यांच्यासाठी रिक्षा दारापर्यंत येऊ द्यावी. शुल्काचा पैसा त्याच पेठेत दिसावा. आणि त्यानंतरच, तीही प्रथम सहा महिन्यांच्या मुदतीने, बंदी आणावी. मुदत संपल्यावर निकाल जाहीरपणे सांगावा.

बंदी म्हणजे शिक्षा नव्हे आणि उत्सवही नव्हे. ती एका अपुऱ्या जागेची वाटणी आहे. वाटणीच्या वेळी घरातील सर्वांना बोलवावे लागते. आजवर मालक आणि मोटारवाला या दोघांनाच बोलावले गेले. पुढच्या बैठकीस पायी येणारे गिऱ्हाईक, दुकानातला नोकर, पथारीवाला आणि हमाल यांनाही बोलवावे, म्हणजे वाटणी सर्वांना मान्य होण्याची आशा तरी धरता येईल.