मास्टर चॅनेलवरील इफेक्ट्स : ध्वनिमिश्रणातील उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :
संगणकामुळे ध्वनिमुद्रण व ध्वनिमिश्रण आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आले आहे. गायन, तबला, हार्मोनिअम, तानपुरा यांचे स्वतंत्र ट्रॅक अखेरीस ज्या एका मार्गावर एकत्र येतात, त्यास मास्टर चॅनेल असे म्हणतात. या चॅनेलवर कॉम्प्रेसर, लिमिटर इत्यादी इफेक्ट्स केव्हा व किती वापरावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यपद्धती :
स्वतंत्र ट्रॅकवरील इफेक्ट त्या वाद्यापुरता मर्यादित राहतो. मास्टर चॅनेलवरील इफेक्ट मात्र सर्व वाद्यांच्या एकत्रित ध्वनीवर होतो. उदाहरणार्थ, कॉम्प्रेसरची मर्यादा-पातळी उणे १० डेसिबल आणि गुणोत्तर ४:१ असल्यास, उणे २ डेसिबलपर्यंत पोहोचलेला ध्वनी उणे ८ डेसिबलवर येतो. म्हणजेच तो ६ डेसिबलने दाबला जातो. डग्ग्याच्या जोरकस आघाताने ही क्रिया घडली, तर त्या क्षणी गायकाचा स्वर आणि तानपुराही दबतो व लगेच पुन्हा वर येतो. तानपुऱ्याचे सातत्य अशा रीतीने भंगते. तथापि, एक-दोन डेसिबलपुरता सौम्य वापर केल्यास याच क्रियेमुळे मिश्रणास एकसंधपणा येतो.

अतिरेकाचे उदाहरण :
मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम २००८ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील ध्वनी इतका दाबलेला होता की, श्रोत्यांनी विकृतीबद्दल जाहीर तक्रार केली. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनी मिश्रणे आपल्याकडे येण्यापूर्वीच दाबली गेली होती, असे स्पष्ट केले. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी दिलेल्या याच गाण्यांच्या आवृत्तीत चढ-उतार अधिक शिल्लक होते. दोष वादनात नसून अंतिम प्रक्रियेत होता, हे या तुलनेने सिद्ध झाले. मिश्रणाच्या टप्प्यावर लिमिटरने छाटलेली शिखरे मास्टरिंगमध्ये पूर्ववत करता येत नाहीत.

मोठ्या आवाजाचा मोह :
समान ध्वनी किंचित मोठा ऐकवल्यास तो अधिक चांगला वाटतो. म्हणून इफेक्टसह व इफेक्टविना अशी तुलना दोन्हींची पातळी समान करूनच करावी. शिवाय प्रबलता मोजण्याचे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक २००६ मध्ये आले, तर युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस ही पातळी निश्चित केली. स्पॉटिफायसारख्या सेवा मूलतः उणे १४ एलयूएफएसच्या आसपास गाणी समपातळीवर आणतात. अतिशय दाबलेले गाणे तेथे केवळ हळू केले जाते. त्याचे गमावलेले चढ-उतार परत मिळत नाहीत.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात :
१. एखाद्या वाद्याचा दोष त्याच्याच ट्रॅकवर दूर करावा.
२. मास्टर चॅनेलवर सौम्य कॉम्प्रेसर वापरावयाचा असल्यास तो प्रारंभीच लावावा. कारण नंतर लावल्यास वाद्यांचा साधलेला समतोल बदलतो.
३. मास्टरिंगसाठी प्रत देताना लिमिटर काढावा आणि शिखरांवर काही डेसिबलची मोकळीक ठेवावी.

मंद्र सप्तकातील हळुवार आलाप आणि द्रुत लयीतील तान यांतील अंतर हे संगीताचे मर्म आहे. ते जपण्याचा विवेक विद्यार्थ्यांत रुजविणे, हे तंत्र शिकविण्याइतकेच महत्त्वाचे आहे.