गोम्बेच्या रानातील जेनबाई

१९६० सालच्या जुलैमध्ये टांगानिका सरोवराच्या काठी गोम्बेच्या राखीव रानात जेन गुडाल ही सव्वीस वर्षांची इंग्रज तरुणी उतरली, तेव्हा तिच्यापाशी दुर्बीण होती, टिपणवही होती, पदवी मात्र कोणतीच नव्हती. त्या मुलखावर त्या वेळी ब्रिटिशांचा अंमल असून, एकट्या मुलीने रानात राहावे यास सरकारी अंमलदार राजी होईनात. सोबतीस कोणी तरी हवेच अशी अट पडली, तेव्हा तिची आईच तंबूत मुक्कामास आली. तिला धाडणारे पुराणमानवशास्त्रज्ञ लुई लीकी यांना मात्र तिचे पदवीवाचून असणे सोयीचेच वाटले होते, कारण ज्याची दृष्टी ग्रंथोक्त सिद्धान्तांनी आधीच बांधली गेलेली नाही, असाच निरीक्षक त्यांना हवा होता.

ज्यांच्या निरीक्षणासाठी ती आली होती, ते चिंपांझी प्रथम तिला पाहताच पळ काढीत. पुढे हनुवटीवर पांढरे केस असलेला एक नर धीट झाला. त्याचे नाव तिने डेव्हिड ग्रेबियर्ड ठेवले. नोव्हेंबरात हा डेव्हिड वाळवीच्या वारुळापाशी बसून गवताची काडी भोकात सारताना, ती हलकेच ओढून काढताना आणि तिला चावून लटकलेली वाळवी ओठांनी टिपताना दिसला; डहाळीची पाने ओरबाडून कामाजोगी काडी तयार करणारे चिंपांझीही आढळले. हत्यार घडवितो तोच मनुष्य, अशी व्याख्या करून निश्चिंत बसलेल्या विद्वानांची त्यामुळे मोठी पंचाईत झाली. केंब्रिजने जेनबाईंना थेट डॉक्टरेटसाठी प्रवेश दिला खरा, पण जनावरांना क्रमांक न देता नावे देता, म्हणून त्यांची हजेरीही घेतली. हा आक्षेप मला पढीक वाटतो. छावणीत केळी ठेवण्याच्या परिपाठाने चिंपांझींतली भांडणे वाढली, हा दुसरा आक्षेप मात्र वाजवी होता, आणि तो परिपाठ पुढे आवरता घ्यावा लागला.

बाईंचा खरा कस लागला तो १९७४ नंतर. कळपातून फुटून दक्षिणेस गेलेल्या चिंपांझींना मूळ कळपातील नरांनी चार वर्षांत एकेकटे गाठून संपविले. ज्यांच्या वात्सल्याची वर्णने जगास सांगितली, त्यांच्याच क्रौर्याची ही हकीकत प्रसिद्ध करू नये, असा सल्ला काही सहकाऱ्यांनी दिला. बाईंनी ती प्रसिद्ध केली. १९७५ साली बंडखोरांनी छावणीतील चार विद्यार्थी पळवून नेल्यानंतर रोजच्या नोंदी चालू ठेवल्या त्या स्थानिक टांझानियन साहाय्यकांनी, हेही येथे सांगितले पाहिजे.

१९८६ च्या शिकागो परिषदेत आफ्रिकेतील जंगलतोडीचे वृत्तान्त ऐकल्यावर बाईंनी रान सोडून फिरती पत्करली, ती २०२५ च्या ऑक्टोबरात व्याख्यानदौऱ्यावर असतानाच, वयाच्या ९१ व्या वर्षी कॅलिफोर्नियात देह ठेवीपर्यंत. त्या फिरतीतले सर्वांत शहाणपणाचे काम गोम्बेच्याच शेजारचे होते. विमानातून पाहता उद्यानाच्या हद्दीबाहेरचे डोंगर उघडेबोडके दिसले; तेव्हा १९९४ साली त्यांच्या संस्थेने भोवतालच्या गावांत काम आरंभिले, पण झाडांची गोष्ट काढण्यापूर्वी गावकऱ्यांनाच त्यांची गरज विचारली, आणि त्यांनी मागितले ते अधिक धान्य, औषधपाणी आणि मुलांसाठी शाळा.